कपडे कोण धुतं?

त्यांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे काही चांगलं लिहीन ते दातओठ खात लिहिलेलं आहे, एवढं वाचणाऱ्याला माहीत असावं.

आम्ही दोघं सिंगापुरात एका खाजगी कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवायचो. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. कॉलेज म्हणजे एका जुन्या शॉपिंग सेंटरचा चौथा मजला. खाली चष्म्याची दुकानं, दुसऱ्या मजल्यावर पायाला मसाज करून देणारे, तिसऱ्यावर पियानोचे क्लास, आणि त्या सगळ्याच्या डोक्यावर आम्ही. परदेशी विद्यापीठाची पदवी इथे बसून मिळायची. पेपरचं नाव भारदस्त होतं : अमेरिकेचा सामाजिक आणि राजनैतिक इतिहास. तुकड्या दोन. एक माझी, एक त्यांची. स्टाफरूममध्ये मराठी माणसं दोनच, त्यांचा विषयही एकच, आणि दोघंही तासावर काम करणारे. अशा दोन माणसांचं एकमेकांशी जितकं पटायला हवं तितकं आमचं पटत होतं, म्हणजे चहा एकत्र व्हायचा.

सगळे त्यांना 'सर'च म्हणत. मलाही सरच म्हणत, पण मला म्हणताना पुढे नाव लावावं लागे.

मी अमेरिकेत साडेचार वर्षं काढलेली. पीएचडी अर्धी राहिली, ते सोडा, पण मी तिथे राहिलो होतो. दाराबाहेरचा बर्फ फावड्याने उपसला होता, ग्रंथालयात जुनी कागदपत्रं हातमोजे घालून उलगडली होती. आणि सर? सर अमेरिकेला कधी गेलेच नव्हते. दोनदा व्हिसा मागितला, दोनदा वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. तिसऱ्यांदा गेले नाहीत. म्हणाले, "त्यांना माझी गरज नाही असं दिसतंय. मला त्यांची आहे, ती मी इथनं भागवतो." मूळचे मिरजेचे. एका जहाज कंपनीत मालाची कागदपत्रं टंकायला म्हणून सिंगापूरला आले, आणि संध्याकाळी लायब्ररीत बसून बसून इतिहासाची एम.ए. बाहेरून केली. बुकित बातोकला एका म्हाताऱ्या चिनी जोडप्याच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन एकटेच राहायचे. वय साठीच्या आसपास. पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, सिंगापूरच्या उकाड्यातसुद्धा. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत इतिहासाचं पुस्तक क्वचितच.

मग असायचं काय? एकदा मी डोकावलो होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गृहिणींसाठी लिहिलेल्या घरकामाच्या पुस्तकांच्या झेरॉक्स. चर्चच्या बायकांनी छापलेल्या पाककृती. पोस्टाने माल मागवायच्या जुन्या याद्या, त्यात साबणाच्या वडीपासून शवपेटीपर्यंत सगळं. माझ्याकडे राष्ट्राध्यक्षांच्या पत्रांचे खंड होते. त्यांच्याकडे स्टार्च कसा करावा याची कृती होती. आणि मुलं त्यांच्याकडे जात होती.

कोणताही विषय असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "कपडे कोण धुतं?" गुलामगिरी, यादवी युद्ध, स्त्रियांचा मताधिकार, काहीही काढा. "आधी ते सांगा, कपडे कोण धुतं? ते कळलं की समाज कळला. मग तह वाचा." चिनी लोकांना अमेरिकेत यायला बंदी करणारा कायदा शिकवताना फळ्यावर त्यांनी एक कडक कॉलरचा शर्ट काढला होता, हे मी दाराच्या काचेतून पाहिलंय. "कायदा करणाऱ्या साहेबांचा शर्ट," ते म्हणत होते, "तो ज्यानं इस्त्री केला त्यालाच हाकलायचा हा कायदा. आता चीनच्या राजदूताच्या जागी बसा आणि निषेधाचं पत्र लिहा." चाळीस मिनिटं वर्गात कुणी मान वर केली नाही. माझ्या वर्गात लोक चाळीस मिनिटांत तीनदा फोन बघायचे.

मी काचेतून का पाहत होतो, हे विचारू नका.

त्यांचे उच्चार भयंकर होते. अमेरिकेतल्या गावांची नावं ते जशी लिहितात तशी वाचायचे, एक अक्षर न सोडता. एकदा दोन्ही तुकड्या एकत्र होत्या, तेव्हा मी मागच्या बाकावरून हात वर करून उच्चार सुधारला. मुद्दाम. मुलं हसतील अशी माझी खात्री होती. सर थांबले, माझ्याकडे बघून मनापासून हसले आणि मुलांना म्हणाले, "लिहून घ्या, ते सांगतात तेच बरोबर. ते तिथे राहिलेत. मी फक्त वाचलंय." मुलं हसली खरी, पण त्यांच्यासोबत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती टिश्यूच्या पाकिटामुळे. कॉलेजच्या मागे हॉकर सेंटर होतं, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचं सामायिक आवार. तिथे दुपारी टेबल मिळवायचं तर आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग जेवण आणायला रांगेत जायचं, हा सिंगापूरचा अलिखित कायदा. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर त्या दहा-वीस सेंटच्या पाकिटाला मान देतात. एका दुपारी सर मुलांना घेऊन तिथे गेले. मी योगायोगाने शेजारच्या टेबलाशी डोसा खात होतो. (योगायोगाने म्हणजे मला ते जाणार हे माहीत होतं.)

"समजा मी एक अशक्त म्हातारा," सरांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "एवढंच ठेवलं आणि गेलो. कुणी दांडगा येऊन बसला तर मी काय करणार?"

"नथिंग, सर," कुणी तरी म्हणालं.

"मग बसत का नाही?"

"बिकॉज दॅट आंटी विल स्कोल्ड, लाह!" एका मुलीने पलीकडे भांडी गोळा करणाऱ्या धिप्पाड बाईकडे बोट दाखवलं. सगळे हसले. ती बाईही हसली.

"झालं," सर म्हणाले. "अमेरिकेने अर्ध्या पृथ्वीवर असंच पाकीट ठेवलं. युरोपवाल्यांनो, इकडे नव्या वसाहती करायच्या नाहीत. स्वतःकडे धड आरमार नाही. मग युरोप ऐकला का? कारण पलीकडे इंग्रजांचं आरमार उभं होतं, आणि त्यांनाही ते टेबल दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं. याला म्हणतात मन्रो सिद्धान्त. पुढे म्हाताऱ्याने व्यायाम केला, दंड कमावले. मग त्याच पाकिटाचा अर्थ झाला, या हॉकर सेंटरमध्ये कोण बसणार ते मी ठरवणार. पाकीट तेच."

मी मन्रो सिद्धान्तावर बावीस पानं लिहिली होती, तळटिपांसकट. माझ्या अमेरिकन प्राध्यापकांनी त्यावर 'ठीक' असा शेरा दिला होता. मी डोसा अर्धा टाकून उठलो.

त्यात माझ्या बायकोलाही ते आवडले. मी सिंगापुरात आलो तो तिच्या नोकरीवर. ती बँकेत, तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, आणि मी तिच्या मागे आश्रिताच्या डिपेंडंट पासवर. मराठी मंडळींच्या गणपतीत लोक तिला विचारायचे, "कुठल्या बँकेत?" आणि मला विचारायचे, "मग, वेळ कसा जातो?" एका रविवारी तिने सरांना आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. पिठलं-भात, भरली वांगी. सर पोटभर जेवले, वहिनी वहिनी करत स्वयंपाकघरात गेले, आणि ओट्याशी उभं राहून त्यांनी ठेवणीतला प्रश्न विचारला, "वहिनी, तुमच्याकडे कपडे कोण धुतं?"

"हाच!" बायको हसत म्हणाली. "धुतोही हा आणि बांबूवर घालून खिडकीबाहेर वाळतही हाच घालतो. नवव्या मजल्यावरून माझी एक सुद्धा साडी अजून खाली पडली नाही."

तिने ते कौतुकाने सांगितलं होतं. सरही म्हणाले, "वा! म्हणजे या घराचा इतिहास लिहायला हवा." मला मात्र वाटलं, माझं सगळं आयुष्य या माणसाने एका प्रश्नात फळ्यावर काढून ठेवलं. रात्री मी बायकोशी बोललो नाही. तिला कारण कळलं नाही, आणि मलाही ते सांगता आलं नाही.

अशात कॉलेजने जाहीर केलं की पुढच्या वर्षापासून आमच्या विषयाला एक पूर्णवेळ जागा मिळणार. एकच. आमच्या विभागप्रमुख मिसेस टॅन यांनी दोघांनाही बोलावून सांगितलं, "प्रिलिमचे पेपर बघू, तुमचं काम बघू, मग ठरवू." पूर्णवेळ जागा म्हणजे माझा स्वतःचा पास. कार्डावर माझं नाव, माझा हुद्दा, आणि खाली 'डिपेंडंट' हा शब्द नाही. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की सरांना ती हवी आहे की नाही, हे विचारायचंही मला कधी सुचलं नाही.

प्रिलिमच्या पेपरांची पद्धत अशी होती : दोन्ही तुकड्यांचे पेपर एकत्र मिसळायचे, वर फक्त नंबर, नाव नाही. प्रत्येक पेपर आम्ही दोघांनी वेगवेगळा तपासायचा. दोघांच्या गुणांत दहापेक्षा जास्त फरक पडला, तर मिसेस टॅनसमोर बसून मिटवायचा. पोरांचे घरचे निबंध सगळे टाइप केलेले असत, त्यामुळे हाताचं अक्षर कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता. पण सरांची पोरं मला अक्षराशिवायही ओळखू येत होती. उत्तरात साबण आला, की सरांचं.

मी त्या पेपरांना कमी गुण दिले. एकदम नाही, इथे चार, तिथे पाच. 'मुद्दा सोडून', 'संदर्भ नाही', असे शेरे मारत गेलो. लाल पेन हातात असलं की माणसाला आपण न्याय करतोय असंच वाटतं.

मग तो पेपर आला. प्रश्न होता : चिनी स्थलांतरबंदीचा अमेरिका-चीन संबंधांवर काय परिणाम झाला? उत्तराची सुरुवात अशी : माझी आजी एका इंग्रज साहेबाच्या घरी कपडे धुवायची. आजीच्या हाताच्या चिरा, निळीचा वास, साहेबाच्या मडमेने तिचं खरं नाव कधीच न विचारणं. तिथून उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी लाँड्रीवाल्यांपाशी पोचलं, मग तह कसा बदलून घेतला, कायदा कसा आला, चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार कसा टाकला आणि त्याची झळ इथे सिंगापूरपर्यंत कशी आली, इथवर. शेवटी लिहिलं होतं की ज्यांना नाव विचारलं जात नाही, त्यांची नावं तहाच्या कागदावर नसतात, पण तह त्यांच्यावरच होतात.

तो पेपर मी दोनदा वाचला. चांगला होता. मी त्या वयात असं एक वाक्यही लिहू शकलो नसतो, आणि आजही नाही. म्हणूनच राग आला. या माणसाने कुणाच्या तरी पोराला हे शिकवलं होतं, आणि मी माझ्या तुकडीत तळटिपा देत बसलो होतो. मी आजीच्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली, शेजारी 'असंबद्ध' लिहिलं आणि अठ्ठेचाळीस गुण दिले. सरांनी चौऱ्याहत्तर दिले होते.

मिसेस टॅनच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. सर पेपर हातात धरून इंग्रजीत, त्यांच्या मिरजेच्या इंग्रजीत, शांतपणे सांगत होते की हे लिहिणाऱ्याने एकही तारीख चुकवलेली नाही, एकही कलम सोडलेलं नाही. मी म्हणालो, "हा इतिहास नाही. ही घरगुती आठवण आहे. असं शिकवलं तर विद्यापीठाच्या परीक्षेत पोरं आपटतील." 'असं शिकवलं तर' म्हणताना मी सरांकडे बघितलं नाही. मिसेस टॅननी बघितलं.

"ठीक," त्या म्हणाल्या आणि नावांची यादी उघडली. नंबरावर बोट ठेवून त्यांनी नाव पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "ही तुमच्या तुकडीतली आहे. मेई लिन."

मेई लिन. हौगांगहून दोन बस बदलून येणारी, पहिल्या बाकावर बसणारी, माझी सगळ्यात हुशार मुलगी. वर्गात माझ्या प्रत्येक तळटिपेची नोंद करणारी एकमेव. मंगळवारी माझा तास झाला की ती कुठे जाते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती सरांच्या वर्गात मागे जाऊन बसायची, हे आत्ता उमगलं. 

मिसेस टॅन माझ्याकडे बघत होत्या, आणि मी तिला सरांची समजून गुण कापले, हा हिशेब त्यांच्या डोक्यात जुळत चालला होता हे मला दिसत होतं. आणखी दोन प्रश्न विचारले असते तर त्यांना सगळे पेपर पुन्हा तपासावे लागले असते. तेवढ्यात सर बोलले.

"बघा मॅडम, मी काय म्हणत होतो. या माणसाला आपलं-परकं नाही. मला वाटलं माझ्या तुकडीतली आहे, म्हणून मी चार-सहा गुण जास्तच टाकले. कबूल करतो. यांना आपलीच असावी असं वाटलं असणार, आणि तरी यांनी हात आखडता घेतला. मला हे जमत नाही."

खोटं, संपूर्ण खोटं. त्यांनी एक गुणही जास्त टाकला नव्हता. मिसेस टॅनचा चेहरा निवळला. त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं आणि वहीत काही तरी लिहिलं. पेपर तिसऱ्याकडे गेला, मेई लिनला बहात्तर मिळाले, आणि पंधरा दिवसांनी पूर्णवेळ जागा मला मिळाली. पत्रात नेमकं हेच कारण होतं : निःपक्षपातीपणा.

खोलीतून निघालो त्या दिवशी आम्ही दोघं एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत बरोबर चाललो. मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"कुठे काय बोललो?"

"सर, तुम्हाला सगळं कळलंय."

सरांनी पिशवी दुसऱ्या खांद्याला घेतली. मग म्हणाले, "हे बघा, तह करताना एका बाजूला आपण जिंकलो असं वाटू द्यावं लागतं. नाही तर तह टिकत नाही. तसं वाटायची गरज मला फारशी नाही. मला पीआर आहे, इथे कायमचं राहता येतं, खोली आहे, लायब्ररी आहे. तुम्हाला ती गरज आहे." यात टोमणा नव्हता. मी शोधला, खूप शोधला, पण नव्हता. टोमणा असता तर मी त्यांना माफ केलं असतं.

मग मला लहानशी खोली मिळाली, दारावर नावाची पाटी, आणि बायकोने घरी श्रीखंड केलं. "सरांना बोलवूया की," ती म्हणाली. मी म्हणालो, ते कामात आहेत.

आठवड्याने दारावर टकटक झाली. मेई लिन. हातात प्लॅस्टिकचा डबा, त्यात हिरवे-पांढरे कुए, म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची मिठाई. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"सर, सॉरी आह. मी तुम्हाला न सांगता त्या सरांच्या क्लासला जायचे. मला वाटलं तुम्ही रागवाल. मी त्यांना विचारलं, माझ्या पेपरचं काय झालं, कारण लोक म्हणत होते त्यावर भांडण झालं." तिचे डोळे भरून आले. "ते म्हणाले, त्यांनीच माझे मार्क कापले होते. आजी-बिजी लिहायचं नसतं म्हणून. आणि तुम्ही माझ्यासाठी भांडलात. ही सेड यू फॉट फॉर माय ग्रँडमदर, सर."

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

"ते म्हणाले आता त्यांच्या क्लासला यायचं नाही. तुझे सर तिकडे आहेत, म्हणाले. सो आय कम बॅक." तिने डबा पुढे सरकवला. "आजीने केलेत. तिला मी सांगितलं तुमच्याबद्दल. तिने तुमचं पूर्ण नाव विचारलंय."

सरांनी मला जागा दिली, ती देऊन झाली होती. आता स्वतः घडवलेली विद्यार्थिनी, तिचं प्रेम, तिच्या आजीचा आशीर्वाद, हेही सगळं उचलून त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, आणि तिच्या नजरेतून स्वतः उतरले होते. फक्त खरं बोलायचं, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. ती वाट बघत होती.

मी तिला माझं नाव सांगितलं. आडनावासकट, स्पेलिंग करून. तिने ते मनगटावर पेनने लिहून घेतलं, आजीला नीट सांगता यावं म्हणून.